आमिषाचा हिशेब

मासेमारीच्या अनेक पद्धतींमध्ये जिवंत आमिषाची पद्धत नीतिविचाराच्या दृष्टीने वेगळी पडते, कारण तीत एक जीव मारण्यासाठी दुसरा जीव काही काळ जाणीवपूर्वक जिवंत ठेवावा लागतो. जाळ्यात सापडलेला मासा आणि कणकेच्या गोळीवर झेपावलेला मासा यांच्या बाबतीत मारणारा आणि मरणारा असे दोनच पक्ष असतात. जिवंत आमिषात तिसरा पक्ष येतो, ज्याला पकडणाऱ्याने खायचे नसते, विकायचे नसते आणि ज्याच्याशी त्याचे वैरही नसते. हिंसा-अहिंसेच्या भारतीय चर्चेत मारणारा, मारवणारा, खाणारा आणि विकणारा यांचा काटेकोर विचार झालेला असला, तरी या तिसऱ्या पक्षाची जागा कोणती, हा प्रश्न बराचसा मोकळाच राहिलेला दिसतो. नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे एकाच नदीचा एक भाग तीर्थ म्हणून पूजला जातो आणि दुसऱ्या भागात गळ पडतात, तो विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

या पद्धतीचे एक ठळक उदाहरण दूरदेशीचे आहे: ऑस्ट्रेलियात पर्थ किंवा सिडनीसारख्या शहरांतून वाहत समुद्राला मिळणाऱ्या नद्यांमध्ये ‘मलोवे’ नावाचा मोठा मासा हौशी मासेमारांना फार प्रिय आहे. तो आपल्याकडच्या घोळ माशाच्या कुळातला असून रात्रीच्या वेळी, पुलाखालच्या खोल पाण्यात, जिवंत लहान मासा गळाला लावून त्याला पकडण्याची रीत तेथे रुळलेली आहे. नाशिकला हा मासा मिळणे शक्य नाही. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहते, त्यामुळे येथे खाडी नाही आणि भरती-ओहोटीही नाही. मात्र मलोवेची जागा घेणारे शिकारी मासे गोड्या पाण्यातही आहेत, आणि मरळ, शिवडा व वाम ही त्यांची परिचित नावे होत. यांपैकी मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, गवताळ आणि साचलेल्या पाण्यात दबा धरून बसते आणि हलत्या भक्ष्यावर झडप घालते, म्हणून तिच्यासाठी लहान मासा किंवा बेडूक जिवंत लावण्याची पद्धत महाराष्ट्रातील तलावांवर आणि धरणांच्या फुगवट्यांवर दीर्घकाळ चालत आली आहे.

या पद्धतीचे कौशल्य कशात आहे हे जवळून पाहिल्याखेरीज तिच्यातला नैतिक पेच कळत नाही. बादलीतल्या पाण्यातून बोटभर लांबीचा मासा उचलताना हात आधी ओला करावा लागतो, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा लवकर मरतो. गळाचे टोक पाठीवरच्या पराच्या जवळ, कातडीच्या अगदी खालून, कण्याला धक्का न लागेल अशा बेताने काढावे लागते, कारण कणा दुखावला की मासा पोहत नाही आणि न पोहणारे आमिष मरळीला खुणावत नाही. काही जण त्याऐवजी गळ दोन्ही ओठांतून ओवतात. मग तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याला, शिशाचे वजन बांधून तो मासा हलकेच पाण्यात सोडला जातो, आणि तो जितका वेळ सुटण्याची धडपड करील तितका वेळ तो उपयोगाचा असतो. येथे कमीत कमी इजा करण्याची काळजी घेतली जाते, आणि ती काळजी घेण्याचे कारण मात्र इजा लांबवणे हेच असते.

‘आमिष’ या शब्दाचा प्रवासही याच पेचातून गेलेला आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ मांस असा असून सामिष आणि निरामिष या आहारवाचक शब्दांत तो आजही टिकून आहे. मांसाला प्राणी भुलतो म्हणून मांस हेच प्रलोभन झाले, आणि मराठीत निवडणुकीपासून नोकरभरतीपर्यंत कोठेही ‘आमिष दाखवणे’ हा वाक्प्रचार सर्रास चालू लागला. पाली भाषेत ‘आमिस’ म्हणजे भौतिक लाभ, आणि संयुत्तनिकायात बुद्धांनी लाभ, सत्कार व कीर्ती यांची तुलना मांस लावलेल्या गळाशी केली आहे: मासा मांस पाहून गळ गिळतो, आणि तो गळ टाकणारा कोळी म्हणजे मार, अर्थात साधकाला बांधून ठेवणारी दुष्प्रवृत्ती. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजेच पांडवलेणीतील, चोवीस लेण्यांमध्ये राहणाऱ्या भिक्खूंना हे रूपक परिचित असणे स्वाभाविक मानता येईल. या रूपकात मासा मूढ आहे, कोळी दुष्ट आहे, आणि आमिष मात्र निव्वळ वस्तू आहे. गळावरचे मांस एकदा जिवंत होते, किंवा अजूनही जिवंत असू शकते, याची दखल घेण्याची रूपकाला गरज पडत नाही. आमिषाचे वस्तूत रूपांतर भाषेनेच करून टाकलेले आहे.

अहिंसेच्या शास्त्रीय चर्चेत कोळ्याचे उदाहरण फार महत्त्वाच्या जागी येते. पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसादी यम जाती, देश, काळ आणि समय यांनी मर्यादित नसतील तेव्हाच त्यांना महाव्रत म्हणावे, असे सांगितले आहे; येथे समय म्हणजे आधी ठरवून घेतलेली अट किंवा संकेत. या सूत्रावरील व्यासभाष्याने प्रत्येक मर्यादेचे उदाहरण दिले आहे. जातीने मर्यादित अहिंसा म्हणजे मासे मारणाऱ्याची, जो फक्त माशांना मारतो आणि इतर कोणालाही मारत नाही. देशाने मर्यादित म्हणजे तीर्थक्षेत्री मारणार नाही असे ठरवणाऱ्याची. काळाने मर्यादित म्हणजे चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी न मारणाऱ्याची. आणि समयाने मर्यादित म्हणजे देवब्राह्मणांच्या कार्याखेरीज मारणार नाही, किंवा क्षत्रियाने युद्धाबाहेर मारणार नाही, अशी. भाष्यकाराने कोळ्याच्या या मर्यादित संयमाला अहिंसेच्या चर्चेतून बाहेर काढलेले नाही, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. तो महाव्रती नसला तरी त्याच्या हिंसेला एक कड आहे आणि त्या कडेच्या आत त्याची अहिंसा सुरू होते, असा या उदाहरणाचा आशय दिसतो.

नाशिकचे धार्मिक जीवन याच चार मर्यादांवर उभे आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात जिथे लाखो लोक स्नान करतात आणि एरवी जिथे अस्थिविसर्जन होते, त्या रामकुंडात कोणी गळ टाकला तर मासे खाणाऱ्या माणसालाही ते खटकेल. पण त्याच प्रवाहाच्या वरच्या अंगाला काही किलोमीटरवर असलेल्या गंगापूर धरणाच्या जलाशयात तीच कृती त्याला खटकत नाही. ही देशाची मर्यादा झाली. श्रावणात, चातुर्मासात किंवा एकादशीला मासे न खाणारी कुटुंबे एरवी ते खातात, ही काळाची मर्यादा. त्र्यंबकच्याच डोंगररांगेत उगम पावून पश्चिमेला जाणाऱ्या वैतरणेच्या काठी, पालघर जिल्ह्यातील तिळसे येथे, महादेवाच्या मंदिरालगतच्या डोहातले मासे देवाचे म्हणून राखले जातात, त्यांना खाऊ घातले जाते आणि पकडले जात नाही. महाड तालुक्यातील वाळण कोंडीच्या डोहातही अशीच परंपरा आहे. अशा देवडोहांमुळे नदीतल्या माशांची पैदास सुरक्षित राहते हे आज पर्यावरणशास्त्र सांगते, पण परंपरेला तो हेतू ठाऊक असो वा नसो, तिने हिंसेभोवती एक रेषा ओढली एवढे खरे. ही रेषा माशाला दिसत नाही, असा उपहास करता येतो. परंतु ती माशासाठी ओढलेलीच नसते. ती माणसाच्या हातासाठी असते.

प्रश्न असा की जिवंत आमिष या चारांपैकी कोणत्या मर्यादेत बसते. पोटासाठी मासेमारी करणाऱ्या कोळी, भोई किंवा आदिवासी माणसाचा मुख्य आधार जाळे असतो, आणि तो जेव्हा गळ वापरतो तेव्हा आमिषही त्याच्या गरजेच्या हिशेबात मोडते. जातीची मर्यादा त्याला लागू होते, कारण आमिषही मासाच असेल तोवर त्याची हिंसा माशांपलीकडे जात नाही. विरंगुळ्यासाठी गळ टाकणाऱ्याचे तसे नाही. योगसूत्रांच्या पुढच्याच विवेचनात हिंसा केलेली, करवलेली आणि अनुमोदिलेली अशी तीन प्रकारची सांगून तिची मुळे लोभ, क्रोध आणि मोह अशी मांडली आहेत, आणि भाष्याने लोभाचे उदाहरण मांस व चामड्याच्या इच्छेचे, क्रोधाचे अपकार झाल्याच्या रागाचे आणि मोहाचे यातून धर्म साधेल या समजुतीचे दिले आहे. मांस नको, राग नाही आणि पुण्याची कल्पनाही नाही, केवळ सुटीची संध्याकाळ बरी जावी, अशा हिंसेसाठी भाष्यकाराला उदाहरण सुचलेले दिसत नाही. ओढूनताणून तिला लोभात बसवता येईल, पण ते समाधानकारक नाही.

जैन विचाराने याबाबत अधिक बारीक मोजमाप उपलब्ध करून दिले आहे. नाशिकलगतच्या म्हसरूळ येथील गजपंथ हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे, म्हणजे जिथून साधकांना मोक्ष मिळाला अशी श्रद्धा असलेले स्थान, आणि त्या परंपरेत जिवांचे वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवर केले जाते: गांडुळाला स्पर्श व रस ही दोन इंद्रिये, तर मासा व बेडूक यांना पाचही. त्यामुळे गळाला गांडूळ लावणे आणि गळाला मासा लावणे या दोन्ही हिंसाच असल्या, तरी त्यांत तारतम्य आहे, असे या दृष्टीतून म्हणता येते. याहून महत्त्वाची आहे ती उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील अतिचारांची यादी. अतिचार म्हणजे व्रत सरळ मोडत नाही पण त्याला डाग लागतो अशी कृती. अहिंसेच्या अणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने पाळायच्या लहान व्रताचे, असे पाच अतिचार सांगितले आहेत, ते म्हणजे बांधणे, मारहाण करणे, अवयव छेदणे, पेलणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. ही यादी मुख्यतः गोठ्यातल्या गुराढोरांना समोर ठेवून केलेली असावी, पण बादलीतून गळावर आलेल्या माशाकडे पाहिले की बंध आणि छेद हे दोन अतिचार एकाच सुईच्या टोकावर भेटतात, आणि तेही मरणाच्या आधी. अहिंसेच्या बहुतेक चर्चा मरणाशी येऊन थांबतात. ही यादी मात्र जिवंतपणी काय केले जाते तेही विचारते, म्हणून जिवंत आमिषाच्या प्रश्नाला तीच सर्वांत जवळची आहे.

माशाला वेदना होते का, हा प्रश्न आधुनिक जीवशास्त्रानेही हाताळला आहे. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे दाखवले आणि ओठाला दाहक द्रव्य टोचल्यावर माशांचे वर्तन बराच वेळ बदललेले राहते असे नोंदवले. त्यावर माशांच्या मेंदूत नवबाह्यक, म्हणजे सस्तन प्राण्यांत जाणिवेशी जोडला जाणारा मेंदूचा वरचा थर, नसल्याने त्यांना वेदनेची जाणीव असू शकत नाही, असा आक्षेप काही शास्त्रज्ञांनी घेतला. वाद मिटलेला नाही. ज्या ओठांतून आमिषाचा गळ ओवतात, तीच जागा त्या प्रयोगात तपासली गेली होती. नॉर्वे आणि स्कॉटलंड येथे जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास बंदी आहे.

जिवंत आमिषाच्या समर्थनार्थ सर्वांत जुना युक्तिवाद मत्स्यन्यायाचा आहे: पाण्यात मोठा मासा लहान माशाला खातोच, गळ टाकणारा केवळ त्या व्यवस्थेत दोरा घालतो. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध नावाचा मांसविक्रेता कौशिक ब्राह्मणाला असेच काही सांगतो, की नांगराखाली असंख्य जीव मरतात, मासे माशांना गिळतात, आणि पूर्ण अहिंसा कोणालाच जमत नाही. परंतु धर्मव्याधाचे हे बोलणे उचलताना त्याचा दुसरा अर्धा भाग सोडून दिला जातो: तो स्वतः प्राणी मारत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो, स्वतः मांस खात नाही, आणि या वंशपरंपरेच्या धंद्याला तो घोर कर्म म्हणतो. अपरिहार्यतेचा युक्तिवाद त्याने आपल्या ओझ्याचे वर्णन करण्यासाठी वापरला आहे, ते ओझे उतरवून ठेवण्यासाठी नव्हे.

शिवाय मत्स्यन्यायाची कथा माशाच्या बाजूनेही सांगितलेली आहे. शतपथ ब्राह्मणात हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो की आम्ही लहान असतो तोवर आमचा फार संहार होतो, मासाच माशाला गिळतो, म्हणून मला सांभाळ. मनू त्याला आधी घड्यात, मग खड्ड्यात आणि वाढल्यावर समुद्रात नेऊन ठेवतो, आणि प्रलयात तोच मासा मनूची नाव ओढून नेतो. हाच मासा पुढे पुराणांत विष्णूचा पहिला अवतार ठरला. भांड्यातला लहान मासा, त्याच्या मागावर असलेला मोठा मासा आणि त्या दोघांमध्ये एक माणूस, ही मांडणी जिवंत आमिषाच्या मांडणीशी तंतोतंत जुळते; फरक इतकाच की कथेतला माणूस घडा घेऊन मोठ्या माशापासून दूर जातो. मत्स्यन्यायाचा संदर्भ देणाऱ्याने या कथेतला मासा नेमका कोणत्या आकाराचा होता, हे विसरता कामा नये.

अलीकडे हौशी मासेमारांत पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत रूढ होत असून ती अनेकांना अहिंसेच्या जवळ गेल्यासारखी वाटते. तिला मराठी परंपरेत एक अनपेक्षित पूर्वज आहे. नवनाथांच्या कथांनुसार मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटी जन्मले आणि एका कोळ्याने त्यांना वाढवले. बालपणी त्या कोळ्याबरोबर पाण्यावर गेले असता बापाने पकडून काठावर टाकलेले मासे मुलगा परत पाण्यात सोडू लागला आणि त्याबद्दल त्याने मार खाल्ला. याच मच्छिंद्रांच्या परंपरेतील गहिनीनाथांनी ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांना उपदेश दिल्याचे मानले जाते, आणि निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरातच आहे, त्यामुळे गोदेच्या उगमाशी माशाला सोडून देणाऱ्या मुलाची आठवण जोडलेली आहे. पण मच्छिंद्रांच्या सोडण्यात आणि हौशी मासेमाराच्या सोडण्यात एक फरक आहे, जो सहसा मोजला जात नाही. मुलाने दुसऱ्याने पकडलेले सगळेच मासे सोडले. हौशी मासेमार मोठा मासा सोडतो, छायाचित्र काढतो आणि समाधानाने घरी जातो, तेव्हा गळावरचा बोटभर मासा मरळीच्या घशात गेलेला असतो किंवा मेलेला असतो. सोडून देण्याच्या हिशेबात तो कधीच नव्हता. मनुस्मृतीत प्राणिवधाला अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा असे आठ घातक मोजले आहेत, आणि ती यादी जुन्या नीतिविचाराची व्यापकता दाखवते. तरीही ज्याला मारण्याचे साधन केले गेले, त्याच्यासाठी त्या यादीत जागा असण्याचे कारणच नव्हते, कारण तो घातकही नाही आणि ज्याच्यासाठी वध चालला आहे तो प्राणीही नाही.

भारतीय कायद्याने मात्र, कदाचित नकळत, या तिसऱ्या पक्षाकडे पाहिले आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी ‘प्राणी’ या व्याख्येत येतो, म्हणजे मासाही येतो. त्याच्या कलम ११ मध्ये केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य होईल अशा रीतीने कोंडणे हे क्रूरतेच्या प्रकारांत मोजले आहे, आणि वाघासाठी अभयारण्यात प्राणी बांधण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. अन्नासाठी केलेल्या वधाला अनावश्यक यातना नसल्यास सूट आहे. या तरतुदीचा नदीकाठच्या गळाशी संबंध कोणी जोडला नसेल. पण तिने ओढलेली रेषा व्यासभाष्यातल्या समयाच्या, म्हणजे हेतूच्या अटीच्या, रेषेजवळूनच जाते. पोटासाठी मारणाऱ्याला एक न्याय आणि करमणुकीसाठी एका जिवाला दुसऱ्याच्या तोंडी बांधणाऱ्याला वेगळा, हे या दोन्ही ठिकाणी मान्य केलेले आहे, आणि ते योग्यच आहे असे म्हणावे लागते.

अहिंसेचे मराठीतले सर्वांत सूक्ष्म वर्णन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात येते. १२९० साली रचलेल्या या ग्रंथात ज्ञानदेवांनी आधी हिंसा करून अहिंसा साधल्याचा दावा करणाऱ्या मतांची झाडाझडती घेतली आहे, आणि मग खऱ्या अहिंसकाचे चालणे कसे असते ते सांगितले आहे. तो पाण्याची लाट न मोडता, पाण्याला धक्का न देता पाऊल टाकतो, हे सांगण्यासाठी त्यांनी दिलेली उपमा चकित करणारी आहे: आंविसावर, म्हणजेच आमिषावर, दृष्टी ठेवून पाण्यात हलकेच पाय टाकणारा बगळा. करुणेने चालणाऱ्याची उपमा माशाच्या शिकाऱ्याची आहे. तिच्या लगेच नंतर, परागकेसर चुरगळेल या शंकेने कमळावर पाय हळुवार ठेवणारा भुंगा येतो. दोघांची पावले बाहेरून अगदी सारखी आहेत. गोदावरीच्याच खालच्या अंगाला असलेल्या नांदूर मधमेश्वर जलाशयाच्या उथळ पाण्यात उभ्या असलेल्या बगळ्याचे पाऊल पाहिले तर ते किती जपून पडते हे कळते. बगळ्याला भीती असते ती मासा बिथरून निसटण्याची आणि भुंग्याला केसर चुरगळण्याची. ज्ञानदेवांनी दोन्ही उपमा शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांत भेद करून दाखवला नाही. बादलीत हात घालण्यापूर्वी तो ओला करणारा मासेमारही तितक्याच हळुवारपणे मासा उचलतो.